पुतळीवरचा गुडघे टेकलेला राजा



पुतळ्यांची माळ तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. कुणाच्या पेटीत असेल, कुणाच्या आजेसासूबाईंच्या फोटोत असेल, कुणी लग्नात नऊवारीवर भाड्याने आणून घातली असेल. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीवर माणसाची आकृती, डोक्याशी एक कडी, आणि पटवेकऱ्याने सगळ्या रेशमात गुंफलेल्या. आकृती बाहुलीसारखी दिसते, म्हणून ती पुतळी.

पण ही बाहुली कोणाची? कळंबोलीच्या आसपासच्या गटांची समन्वयक म्हणून मी महिन्याला बऱ्याच बैठकांना जाते. तिथे मी हा प्रश्न विचारत असते. एक म्हणाली, लक्ष्मी. दुसरी म्हणाली, राम-सीता. एक आजी म्हणाल्या, "अगं, नवरा-नवरी असतील, नाहीतर लग्नात कशाला घालतात?" आजच्या पुतळ्यांना ही सगळी उत्तरं चालतील, कारण कारागिरांनी पुढे आपापल्या मनाचे ठसे केले. जुन्या, मूळ पुतळीवर मात्र वेगळंच चित्र आहे. एक संत उभा आहे, त्याच्यासमोर एक राजा गुडघे टेकून बसला आहे, आणि दोघांच्या मध्ये निशाणाची उंच काठी आहे. उलट्या बाजूला लांबट चौकटीत, चांदण्यांच्या मध्ये, येशू ख्रिस्त उभा आहे. हे इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. त्याचं नाव डुकाट. संत म्हणजे सेंट मार्क, आणि गुडघे टेकलेला तो व्हेनिसचा मुख्य. त्याला तिथे डोजे म्हणत.

इटलीचं नाणं रायगड जिल्ह्यातल्या बाईच्या गळ्यात कसं आलं, ते सांगते. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण ते चित्र मुळात व्हेनिसचंही नाही. व्हेनिसने ते दुसऱ्याचं पाहून घेतलं होतं. आणि ज्याचं पाहून घेतलं, त्याच्या नाण्यांची नक्कल व्हेनिसच्या कितीतरी आधी आणखी कुणीतरी केली होती. या नकलांची गोष्ट फार मजेची आहे. ती कळली की हातातल्या चकतीकडे बघण्याची नजरच बदलते.

आज ज्याला इस्तंबूल म्हणतात, त्या शहराचं जुनं नाव कॉन्स्टँटिनोपल. रोमच्या साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग तिथून चाले. त्याला इतिहासात बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त हे सगळे मुलूख त्याच्या ताब्यात होते. राजे ख्रिस्ती होते, नाण्यांवर राजाचं चित्र आणि क्रूस असे. तांब्याच्या मोठ्या नाण्याच्या मागे इंग्रजी एमसारखं दिसणारं एक मोठं अक्षर असे. ग्रीक भाषेत ते ४० या आकड्याचं अक्षर. म्हणजे हे नाणं ४० लहान नाण्यांच्या किमतीचं.

इ.स. ६३६ मध्ये यार्मूकच्या लढाईत अरबांनी बायझंटाइन फौजेचा पराभव केला आणि सीरिया त्यांच्या हाती गेला. ६४२ पर्यंत इजिप्तही गेला. राज्य बदललं, धर्म बदलला, राज्यकर्त्यांची भाषा बदलली. बाजार मात्र तोच होता. तेल विकणारी तीच, धान्य मोजणारा तोच, आणि त्यांच्या बोटांना सवय होती ती राजा आणि क्रूस असलेल्या नाण्याची. उद्या आपल्या गटात कुणी कधीच न पाहिलेल्या चित्राची नोट हप्ता म्हणून भरली, तर खजिनदार ती घेईल का? आधी उलटसुलट करून बघेल, मग शेजारणीला दाखवेल, मग म्हणेल, "ताई, दुसरी द्या." तिथेही तेच झालं असतं. म्हणून नव्या राज्यकर्त्यांनी शहाणपणा केला. त्यांनी आपल्या गावोगावच्या टाकसाळींत नाणी पाडली ती जुन्याच चित्राची. खलिफाचं राज्य, आणि नाण्यावर हातात क्रूस घेतलेला ख्रिस्ती राजा!

मग हळूहळू बदल सुरू झाले. हिम्स नावाच्या शहराच्या नाण्यावर राजाचं डोकं आहे, ग्रीक अक्षरांत "कॅलॉन" लिहिलंय आणि अरबी अक्षरांत "तय्यिब". दोन्हींचा अर्थ एकच, चांगलं. आपल्याकडे तय्यब हे नाव ऐकतो ना, तोच हा शब्द. दमास्कसच्या काही नाण्यांवर "जाइज" असा शब्द आहे, म्हणजे रीतसर, चालणारं. मला ही नाणी फार आवडतात. दोन भाषा बोलणाऱ्या बाजारात सरकार दोन्ही भाषांत सांगतंय की बाई, घाबरू नकोस, हे नाणं चांगलं आहे, घे.

आता ही नाणी जाणकार कशी ओळखतात, ते बघा. पहिल्या नजरेला सगळी सारखीच. मग ते अक्षरांकडे बघतात. कॉन्स्टँटिनोपलच्या टाकसाळीत ठसा कोरणाऱ्याला ग्रीक येत होतं. सीरियातल्या लहान गावातल्या कोरणाऱ्याला बऱ्याचदा येत नव्हतं. तो अक्षर वाचत नव्हता, अक्षराचं चित्र काढत होता. त्यामुळे अक्षरं उलटी पडतात, आरशात दिसावीत तशी. काही गळतात, काहींच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होतात. अंगठा उठवणाऱ्या बाईला आपण सही शिकवतो, तेव्हा पहिले काही दिवस ती सही लिहीत नसते, काढत असते. अगदी तसंच. दुसरी खूण क्रूसाची. सोन्याच्या नाण्यावर पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा क्रूस असे. अरबांच्या नकलेत पायऱ्या आहेत, उभी काठीही आहे, पण क्रूसाची आडवी दांडी गायब! लांबून पाहिलं तर नाणं तेच वाटतं. जवळून पाहिलं तर एका बारीक रेघेने धर्म बदललेला असतो. तिसरी खूण म्हणजे वजन आणि घडण. नकलेच्या तांब्याच्या चकत्या बऱ्याचदा हलक्या, वेड्यावाकड्या कापलेल्या असतात.

ही पायरीपायरीची वाटचाल साठेक वर्षं चालली. मग खलिफा अब्द अल-मलिक याने आधी राजाच्या जागी तलवारीला हात लावून उभा असलेला खलिफा कोरून पाहिला. त्याने तेही चित्र काढून टाकलं, आणि हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ च्या सुमारास, फक्त अरबी अक्षरांचा सोन्याचा दिनार आणला. चित्र नाही, राजा नाही, क्रूस नाही. वजन सव्वाचार ग्रॅम. तोपर्यंत लोकांची नव्या सत्तेवर भिस्त बसली होती, म्हणून ते चाललं. गंमत अशी की चित्र गेलं तरी नावं राहिली. दिनार हा शब्द रोमनांच्या नाण्याचा. दिरहम हा ग्रीकांच्या द्रख्मेचा. त्याच द्रख्मेपासून आपल्याकडे द्रम्म झाला आणि द्रम्माचा झाला दाम. "दाम मोजून घे" म्हणताना आपण ग्रीक नाणं मोजत असतो.

अरबांनी इराण जिंकलं तिथेही हाच प्रकार केला. इराणी राजाचं चित्र तसंच ठेवून कडेला "बिस्मिल्लाह" लिहिलं. आणि त्या इराणी नाण्यांच्या नकला आपल्याकडे, गुजरातेपासून कोकणापर्यंत, कित्येक शतकं होत राहिल्या. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. शेवटी राजाच्या चेहऱ्याच्या नुसत्या रेघा आणि ठिपके उरले, आणि मागच्या अग्निवेदीची शिडीसारखी आकृती झाली. ही नाणी गधैया पैसा म्हणून ओळखली जातात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नक्कल म्हटलं की आपल्या डोक्यात खोटं नाणं येतं. खोटं नाणं पाडणारा लपून काम करतो, धातूत भेसळ करतो आणि तुम्हाला फसवून निघून जातो. हे राज्यकर्ते लपलेले नव्हते. लोकांनी नाणं विश्वासाने घ्यावं, इतकंच त्यांना हवं होतं. माझं मत विचाराल तर जुनं चित्र ठेवण्यात त्यांचा कमीपणा नव्हता. बाजारातल्या माणसाचा मान ठेवल्याची ती खूण आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे झालेलं आहे, आणि अरबांच्या पाचशे-साडेपाचशे वर्षं आधी. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जोगलथेंबी नावाचं गाव आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. ती होती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. नहपानाचं नाणंच मुळात नक्कल. ग्रीक राजांच्या नाण्यांसारखं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण अक्षरं ग्रीक असली तरी भाषा आपली प्राकृत. मागच्या बाजूला तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत. म्हणजे एका चिमुकल्या नाण्यावर तीन लिप्या.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. आता शत्रूच्या नाण्यांचं काय करायचं? वितळवायची? त्याने तसं केलं नाही. त्या साठ्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याने आपला ठसा वरून मारून घेतला. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह. काही नाण्यांवर नहपानाचं नाक त्या टेकडीखाली चेंगरलेलं दिसतं, पण बाकीचा चेहरा तसाच आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला, असं ती त्यात अभिमानाने सांगते. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. आई दगडावर लिहिते की संपवला, आणि मुलाच्या राज्यात नाणं चालतंय त्याच नहपानाच्या चेहऱ्याचं. बाजारापुढे विजयी राजालाही थोडं नमतं घ्यावं लागतं.

नाशिकच्या लेण्यांचा विषय निघालाच आहे, तर बचत गटाच्या बायकांनी ऐकावं असं एक सांगून टाकते. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एक लेणं दान दिलं. भिक्षूंच्या कपड्यांच्या खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. श्रेणी म्हणजे त्या काळातले कारागिरांचे गटच. २,००० वर व्याज महिना शेकडा १, आणि उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं भिंतीवर कोरून ठेवलंय. हा व्यवहार जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचा. आपल्या ठरावाच्या वहीत यापेक्षा वेगळं काय असतं? उषवदाताची बायको दक्षमित्रा, म्हणजे नहपानाची मुलगी, हिनेही आपल्या नावाने तिथे एक खोली दान दिली आहे.

पेशवाईतही हेच. पुण्याचा अंकुशी रुपया मराठ्यांच्या राज्यातला, त्यावर अंकुशाची खूण मराठ्यांची, पण फारसी अक्षरांत नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं. इंग्रजांच्या कंपनीनेही शाह आलमच्या नावाचेच रुपये पाडले. सुरती रुपयावर त्याच्या राज्याचं ४६ वं वर्ष तसंच छापत राहिले. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी वर्ष ४६ च! १८३५ मध्ये कुठे इंग्लंडच्या राजाचं डोकं रुपयावर आलं. या सगळ्यात शिवाजी महाराजांचं वेगळेपण उठून दिसतं. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, त्यांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", आणि तेही नागरी अक्षरांत. अब्द अल-मलिकने जे साठ वर्षांच्या वाटचालीनंतर केलं, ते महाराजांनी पहिल्याच नाण्यावर केलं. तरी बाजारात इतर नाणीही चालतच होती. आणि परक्या किंवा झिजलेल्या नाण्यावर सराफ कापून घेई तो बट्टा. नावाला बट्टा लागणं हा शब्दप्रयोग तिथलाच.

आता पुन्हा पुतळीकडे येऊ.

व्हेनिस सुरुवातीला बायझंटाइन राज्याच्याच छायेत वाढलेलं शहर. त्यांचे व्यापारी कॉन्स्टँटिनोपलला सतत ये-जा करत. तिथल्या नाण्यांवर राजा आणि संत शेजारी उभे राहून एकच काठी दोघे धरतात, असं चित्र असे. व्हेनिसने आपल्या चांदीच्या नाण्यावर तीच मांडणी घेतली, राजाच्या जागी डोजे आणि शेजारी सेंट मार्क. मागे सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, तोही बायझंटाइन थाटाचा. मग १२८४ मध्ये सोन्याचा डुकाट आला. त्यात डोजे गुडघ्यावर गेला. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. आजच्या हिशेबात तीन डुकाट म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्याहून किंचित जास्त. आणि व्हेनिसने हे नाणं पाचशे वर्षं बदललं नाही. डोजे बदलला की नाव बदलायचं, बाकी चित्र तेच, वजन तेच, कस तोच. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं राज्य संपवलं, तोपर्यंत.

व्हेनिसचे व्यापारी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात मिरी, मसाले, कापड घेत आणि सोनं मोजत. माल आपला, म्हणून सोनंही तांबड्या समुद्रातून आपल्याकडे येई. कालिकत, सुरत, आणि आपलं चौल, दाभोळ. भडोचला एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या जुन्या साठ्यात इजिप्तची आणि व्हेनिसची नाणी एकत्र होती. डुकाटवरचा विश्वास एवढा वाढला की १४२५ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-अशरफ बार्सबाय याने आपलं सोन्याचं नाणं डुकाटच्या वजनाला आणून बसवलं. त्याच्या नावावरून ते नाणं अशरफी. गोष्टीत राजा खूश होऊन अशरफ्या उधळतो ना, ती ही. म्हणजे एके काळी अरबांनी ख्रिस्ती नाण्याचं चित्र घेतलं, आणि सातशे-आठशे वर्षांनी इजिप्तच्या सुलतानाने ख्रिस्ती नाण्याचं वजन घेतलं. उलट दिशेनेही देवघेव झाली. अरबीत नाण्याच्या ठशाला सिक्का म्हणतात. त्यावरून इटालियन भाषेत टाकसाळीचं नाव पडलं झेक्का, आणि झेक्कातून निघालेला डुकाट झाला झेक्किनो. आपला शिक्का आणि त्यांचा झेक्किनो एकाच घरचे.

आपल्याकडे हे नाणं बाजारात चाललं, खजिन्यात गेलं आणि कडी लावून गळ्यातही आलं. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, त्यात होन आणि मोहरांबरोबर पुतळ्याही आहेत. मागणी मोठी, आणि व्हेनिस लांब. मग आपल्या सोनारांनी स्वतःच ठसे कोरले. आणि सीरियात झालं तेच इथे झालं. लॅटिन अक्षरं वाचता न येणाऱ्या हातांनी अक्षरांची चित्रं काढली, ती होता होता नुसत्या रेघा झाल्या. संत आणि डोजे दोन बाहुल्या झाले. काठी कधी झाड झाली, कधी खांब. दक्षिणेत तर लोकांनी त्या चित्रात माड आणि माडावर चढणारा माणूसच पाहिला, आणि नाण्याला शानार काशू म्हटलं. शानार म्हणजे तिकडचे ताडी-माडी काढणारे. आपल्या भंडाऱ्यांसारखे. संताचा झाला भंडारी! मला यात काही चुकलं असं वाटत नाही. ज्याला जे ओळखीचं, ते त्याला दिसतं.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, ताई, याचा आम्हाला उपयोग काय? सांगते. पनवेल तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या मावशी. नाव घेत नाही. धाकट्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, म्हणून ११ पुतळ्यांची माळ मोडायला निघाल्या. एका दुकानात सांगितलं, "जुना माल आहे, परदेशी ठसा, सगळ्या सारख्याच. वितळवून घट कापून जे होईल ते." मावशी म्हणाल्या, विचार करून येते. आणि माळ घेऊन बैठकीला आल्या. शहाणी बाई.

आम्ही भिंग घेऊन बसलो. आठ चकत्या पातळ होत्या. समोर आकृती उठलेली आणि मागे तीच आकृती खोलगट, कारण पत्र्यावर एका बाजूने ठसा दाबला की मागे खड्डा पडतोच. त्या दागिना म्हणूनच घडवलेल्या पुतळ्या, नाणी नव्हेत. तीन मात्र भरीव होत्या. एका बाजूला संत आणि डोजे, दुसऱ्या बाजूला चांदण्यांतला ख्रिस्त, कडेला ठिपक्यांची रांग, आणि अक्षरं. दोघींवरची अक्षरं सरळ, सुटी, एकसारखी. तिसरीवर अक्षरांच्या जागी नुसती काटक्यांची ओळ. म्हणजे दोन बहुधा व्हेनिसच्या असाव्यात आणि एक आपल्याकडच्या सोनाराने केलेली, पण तीही जुनी. मग मावशी मुलीला घेऊन सरकारमान्य हॉलमार्किंग केंद्रात गेल्या. अशा केंद्रात कुणीही आपलं सोनं थोडी फी भरून तपासून घेऊ शकते, आणि कस किती ते लेखी मिळतं. तीन भरीव पुतळ्यांचा कस इतर आठांपेक्षा कितीतरी वरचा निघाला. दुकानात त्या सगळ्या एकाच तराजूत जाणार होत्या.

तुमच्याकडे अशी माळ असेल तर एवढंच करा. उजेडात प्रत्येक चकतीच्या दोन्ही बाजू बघा. मागे खड्डा आहे की वेगळं चित्र आहे? अक्षरं वाचता येणार नाहीत, त्याची गरजही नाही. ती एकमेकांपासून सुटी आहेत की नुसत्या काड्या, ते बघा. वजन करा. कडी लावलेली असते, कडेने झीज झालेली असते, त्यामुळे साडेतीन ग्रॅम तंतोतंत भरणार नाही. राखेने, रांगोळीने घासू नका, बारीक रेघा त्यानेच जातात. कोमट पाणी आणि रिठा पुरे. आणि नाणं असेल तर सोन्याच्या भावाखेरीज जुन्या नाण्याची म्हणून वेगळी किंमत असते, ती एकाच ठिकाणी विचारून थांबू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर विकता येत नाही. शेतात, पाया खणताना काही सापडलं तर तो प्रश्न वेगळा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर कलेक्टरला द्यावी लागते. ते पदराआड लपवून सोनाराकडे नेलं तर आपणच अडकतो.

नाणी डोळ्यांनी बघायची असतील तर मानसरोवर किंवा खांदेश्वरहून हार्बरची गाडी पकडा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकला जाणाऱ्या असाल तर अंजनेरीलाही नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. पांडवलेण्यांत जाल तेव्हा व्याजाचा तो शिलालेख जरूर बघा, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे.

मावशींनी आठ पातळ पुतळ्या मोडल्या. त्यात फीचा पहिला हप्ता निघाला, उरलेली रक्कम गटातून कर्ज घेतली. तीन भरीव पुतळ्या पुन्हा पटवेकऱ्याकडे गेल्या आणि लहान सरात ओवून आल्या. गटाच्या सांगण्यावरून त्यांनी वहीत तिन्हींचा फोटो चिकटवला, खाली वजन, कस, आणि ती कुणाकडून आली ते लिहिलं. दोन सासूकडून, एक आईकडून. आणि प्रत्येकीपुढे आता कुणाकडे जायची तेही लिहिलं आहे. दोन मुली आणि एक सून. काटक्यांच्या अक्षरांची आईची पुतळी धाकटीच्या नावापुढे आहे.